हाताखालून गेलेला डोंगर

मी भूगोल शिकवते. केडगावजवळच्या एका शाळेत, गेली सव्वीस वर्षं. नववीला सागरतळाचा धडा असतो. समुद्राचं सगळं पाणी काढून टाकलं तर खाली काय दिसेल, असं विचारून मी तो सुरू करते आणि मग फळ्यावर खडूनं डोंगर, पठारं, सपाट मैदानं आणि खोल गर्ता काढते. मुलं वहीत उतरवून घेतात. परीक्षेत त्यावर एखादा प्रश्न येतो. इतक्या वर्षांत तो धडा मला तोंडपाठ झाला होता. पण पाठ असणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे मला एका अंध बाईंनी दाखवून दिलं.

त्या केडगावच्या जुन्या मिशनच्या आवारात राहतात. चार वर्षांच्या असताना त्यांना देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. तेव्हापासून ते आवार हेच त्यांचं घर. आता पासष्टीच्या आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही म्हणते. त्या वेताच्या खुर्च्या विणतात. भिजवलेला वेत भोकातून ओवून, ताणून, परत खाली घेऊन त्या अशी बैठक विणतात की तिच्यावर टिचकी मारली तर डफासारखा आवाज यावा. शाळा शनिवारी सकाळची असते. दुपारी मी तिकडे जाऊन तासभर पेपर वाचून दाखवते. सुरुवात शाळेच्या एका उपक्रमातून झाली होती. उपक्रम संपला, मी जातच राहिले.

एका शनिवारी माझ्या हातात सागरतळाची प्रतिकृती होती. प्लायवुडच्या फळीवर कागदाच्या लगद्यानं मी ती केली होती आणि कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथीची पूड घातली होती. शाळेतून ती घरी न्यायची होती. मी व्हरांड्यात पाय ठेवला तशी मावशींनी मान वर केली.

"सलाम, बाई. मेथी कशाला आणली आज?"

"मेथी नाही मावशी. समुद्राचा तळ आणलाय."

त्यांनी हातातला वेत खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि पुढे केले. मी फळी त्यांच्या मांडीवर ठेवली. मला वाटलं होतं, मी सांगत जाईन आणि त्या बोट फिरवतील. पण त्यांनी मला काही विचारलंच नाही. दोन्ही हात कडेपासून निघाले आणि सगळ्या फळीवरून सावकाश, बोटभरही जागा न सोडता फिरले. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला त्यांची बोटं लांब, अरुंद गर्तेत उतरली आणि तिच्या तळातून वरपासून खालपर्यंत गेली. मग बोटांना समुद्रातली एक डोंगररांग लागली. नकाशात होती म्हणून मी ती केली होती. तिच्याबद्दल कधी वेगळा विचार केला नव्हता. तिच्या पाठीवरून त्यांचं बोट तिरकं चालत किनाऱ्याकडे आलं आणि गर्तेच्या काठावर थांबलं.

"हा डोंगर हितंच संपला?"

"संपत नाही. खाली जातो. समुद्राचा तळ तिथं किनाऱ्याच्या खाली सरकतोय. वर्षाला बोटभर."

"तळ सरकतो ते कळलं. चटई दाराखालून सरकावी तसं." त्यांनी बोटानं काठ चाचपला. "पण बाई, चटईत लाटणं गुंडाळलेलं असलं, तर? दार उचललं जाईल, न्हाईतर लाटणं अडकंल. त्या डोंगराचं काय व्हतं? आन् वरच्या जमिनीचं?"

तळ खाली जातो, तिथं भूकंप होतात, ज्वालामुखी होतात, एवढं मी शिकवत होते. त्या तळावर डोंगर असला तर काय, हे सव्वीस वर्षांत मला एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही मावशी," मी म्हणाले. "विचारून सांगते."

"विचारा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बोट पुन्हा त्या काठावर गेलं.

विचारायला घरचंच माणूस होतं. माझं माहेर नदीपलीकडे, शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईला. तिथं माझा थोरला भाऊ शेती बघतो. त्याची मुलगी, माझी भाची, पुण्यात भूकंपावर संशोधन करते. ती नेमकं काय करते हे मला तोवर नीट कळलं नव्हतं. काचेच्या पेटीत वाळू भरते आणि तिचे फोटो काढते, एवढंच माहीत होतं. दादा तर पाहुण्यांना सांगताना 'पोरगी सरकारी कामात हाय' म्हणून विषय बदलायचा.

मी तिला फोन करून मावशींचा प्रश्न सांगितला. लाटण्याची गोष्टही सांगितली.

"आत्या, ह्या बाई काय शिकलेल्या आहेत?"

"वेतकाम."

"आमच्याकडे लोक आयुष्यभर हाच प्रश्न विचारत बसतात," ती म्हणाली. "असा डोंगर खाली गेला की वरच्या प्लेटमधला, म्हणजे किनाऱ्याच्या जमिनीतला, सगळा ताण बदलतो. किनारा उचलला जातो, आत ढकलला जातो, त्याच्यात भेगा पडतात. आणि भूकंपाचं तर विचारूच नकोस. काही ठिकाणी खडकाची फाट किनाऱ्याखालून धावत येते आणि अशा डोंगरापाशी येऊन थांबते. काही ठिकाणी डोंगरच अडून बसतो आणि सुटतो तेव्हा हाहाकार माजवतो. काही ठिकाणी तो इतका खडक मोडून ठेवतो की तळ हळूहळू सरकत राहतो, मोठा धक्का बसतच नाही."

"मग कुठं काय होणार हे कसं ओळखायचं?"

"नीट ओळखता येत नाही अजून."

मला वाटलं, हेच मावशींना सांगावं. पण भाचीनंच अडवलं. "सांगून त्यांना काय मिळणार? त्यांना हातानं बघायचंय. मी दोन-तीन शनिवार येते. पेटी करू."

पेटी केडगावातच झाली. स्लायडिंगच्या खिडक्या बसवणाऱ्या एका दुकानदारानं दोन बाजूंना काच आणि खाली प्लायवुड लावून दोन हात लांब, एक हात रुंद पेटी जोडून दिली. मागच्या भिंतीला तळाशी एक फट ठेवली. समुद्राचा तळ म्हणून सरकायला गुळगुळीत, न ताणणारं काहीतरी हवं होतं. दादानं वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक जुना फ्लेक्स आणला. आम्ही तो पालथा अंथरला, त्याचं टोक मागच्या फटीतून बाहेर काढलं आणि हँडल लावलेल्या लोखंडी पाइपावर गुंडाळलं. हँडल फिरवलं की फ्लेक्स पेटीच्या तळावरून मागे सरकायचा. पेटीच्या मागच्या अर्ध्या भागात चार बोटं वाळू भरायची; ती जमीन. पुढे उघडा राहिलेला फ्लेक्स हा समुद्र.

वाळूही दादाकडचीच, घराच्या बांधकामातून उरलेली. पोती उतरवताना तो म्हणाला, "आता मास्तरकी सोडून वाळूचा धंदा काढला का काय?" पण तो परत गेला नाही. पोत्यावर बसून राहिला.

डोंगर मावशींनी केला. वेताच्या बारीक पट्ट्यांचा, मनगटाएवढा जाड आणि वाकणारा, वर कापड शिवून बंद केलेला. प्रतिकृतीवर त्यांनी एकदाच बोट फिरवलं होतं. पण हा डोंगर मी जेव्हा फळीशेजारी ठेवला तेव्हा त्याचा उतार दोन्ही बाजूंना तसाच होता. आम्ही तो उघड्या फ्लेक्सवर तिरका चिकटवला, नकाशात होता तसा.

पहिला शनिवार फुकट गेला. वाळू वरून कोरडी दिसत होती पण आतून ओलसर होती. हँडल फिरवलं तर सगळी वाळू वडीसारखी एकसंध मागे सरकली, भिंतीला टेकली आणि मधोमध फुटून तिचे दोन तुकडे झाले. भाचीनं हात झटकले. "जमिनीनं असं वागायला नको."

आम्ही वाळू अंगणात ताडपत्रीवर पसरली. ती वाळेपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून भाचीनं एक वीट शोधली, तिच्या खालच्या बाजूला एका कोपऱ्यात पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला आणि वीट फरशीवर ठेवली. सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी विटेला बांधून तिचं दुसरं टोक मावशींच्या हातात दिलं.

"मावशी, एकदम हळू ओढा. ट्यूब म्हणजे जमीन. वीट जिथं फरशीला धरून बसलीय ती तळाची जागा."

मावशींनी ओढायला सुरुवात केली. ट्यूब लांब होत गेली, वीट जागची हलेना. मला त्यात बघण्यासारखं काही दिसत नव्हतं. पण मावशींचा चेहरा बदलला. वेत ताणताना त्यांच्या कपाळाला जी आठी पडते ती पडली.

"कोपऱ्यात धरलंय हिनं," त्या म्हणाल्या. "बाकीची सुटाय तयार हाय. तो एक कोपरा न्हाई म्हणतोय."

पॉलिश पेपर कुठं लावलाय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आता सुटंल," त्या म्हणाल्या, आणि पुढच्याच क्षणाला वीट टणकन् पुढे उडी मारून थांबली. दादा पोत्यावरून उठून उभा राहिला.

"परत करा की," तो म्हणाला.

मावशींनी पाच-सहा वेळा केलं. दरवेळी वीट सुटण्याआधी त्या सांगायच्या. एकदा चुकल्या. तेव्हा वीट अर्धीच सरकली आणि त्या कोपऱ्यापाशी पुन्हा अडली. भाची म्हणाली, "हेच होतं बघा. फाट सुटते, पळत येते, आणि अडथळ्याशी येऊन थांबते. ताण संपत नाही. तो पुढच्या जमिनीच्या वाट्याला जातो."

मावशींनी ट्यूब मांडीवर ठेवली आणि विचारलं, "तिकडं मराठवाड्यात मोठा भूकंप झाला तवा मी जागी व्हते. पहाटंचं. भिंतीला टेकवलेले वेत एकमेकाला घासाय लागले. मी म्हणलं, मांजर आलं. मग घासणं थांबेना. तिथं बी असाच डोंगर गेला व्हता का खाली?"

"नाही मावशी," भाची म्हणाली. "तो प्लेटच्या काठावर नाही, पोटात झाला. तिथं खाली सरकणारा समुद्र नाही. त्याचं कारण वेगळं आहे, आणि तेही पूर्ण कळलेलं नाही."

"लई माणसं गेली," मावशी म्हणाल्या. "मी वेत सरळ करून झोपून गेले."

दादानं खोरं घेतलं आणि वाळू पालथी केली.

पुढच्या शनिवारी वाळू कडकडीत कोरडी होती. आम्ही ती दोनदा चाळली. भाचीनं पेटीत एक थर वाळू, त्यावर रांगोळीचा पातळ रंगीत थर, पुन्हा वाळू, असं करत चार बोटं उंची भरली. काचेतून ते थर वहीच्या ओळींसारखे सरळ दिसत होते. तिनं एक मोबाईल वरून लावला आणि एक काचेच्या बाजूनं. मावशी स्टुलावर बसल्या. त्यांनी डावा तळहात किनाऱ्याजवळ आणि उजवा मागच्या भिंतीजवळ वाळूवर इतका हलका ठेवला की खाली ठसा उमटू नये. हँडल माझ्याकडे होतं. मिनिटाला बोटाच्या पेराएवढंच फिरवायचं, अशी ताकीद होती.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "मालगाडी येतीय."

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. दौंडकडची मालगाडी स्टेशनवरून जाईपर्यंत आम्ही थांबलो. पेटीतली रांगोळी काचेशी बारीक थरथरली आणि शांत झाली.

मी हँडल फिरवायला लागले. आधी बराच वेळ काहीच झालं नाही. मग किनाऱ्याला सगळ्या रुंदीभर वाळूची एक बारीक वळी उठली. काचेतून पाहिलं तर रंगीत रेषा तिथं तिरकी तुटून एकावर एक चढली होती. भाची म्हणाली, हे नेहमीचं. डोंगर नसता तर एवढंच होत राहिलं असतं. वेताचा डोंगर हळूहळू सरकत वाळूच्या काठापर्यंत आला, त्याचं टोक आत शिरलं आणि दिसेनासं झालं.

"आला," मावशी म्हणाल्या.

वरून पाहणाऱ्या आम्हा तिघांना काही दिसलं नव्हतं. दहाएक सेकंदांनी त्यांच्या डाव्या हाताखालची वाळू फुगायला लागली. आधी पुरीसारखी, मग उलट्या वाटीसारखी. तिच्यापुढे किनाऱ्याला आतल्या बाजूला खळगा पडला, जणू कुणी अंगठ्यानं दाबलं. फुगवट्याच्या दोन्ही अंगांना भेगा उमटल्या आणि पंख्यासारख्या पसरत गेल्या. मी हँडल फिरवत होते. वाळू माझ्या दादाच्या अंगणातली, फ्लेक्स कुणाच्या तरी वाढदिवसाचा, हे सगळं मला माहीत होतं. तरी ती वाळू नव्हती. तो एक देश होता आणि त्याच्या खालून काहीतरी चाललं होतं.

"ह्या हाताखाली बी काहीतरी झालं," मावशींनी उजवी बोटं किंचित हलवली.

भाचीनं वाकून पाहिलं. "तिथं काही नाही मावशी. डोंगर अजून डाव्या हाताखाली आहे. उजवीकडे पोचायला वेळ आहे."

"डोंगर न्हाई. वाळू दाटली. इकडनं वेत आवळला की तिकडच्या टोकाला कळतं, तसं."

भाचीनं तिथं नजर लावून ठेवली. पृष्ठभाग अगदी सपाट होता. मी फिरवत राहिले. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग मावशींच्या उजव्या हाताच्या बोटांखाली, जिथं काहीच नव्हतं तिथं, वाळू एका रेषेत तुटली आणि केसाएवढी पायरी उभी राहिली.

"ही काय," मावशी म्हणाल्या.

डोंगर तिरका होता, त्यामुळे तो आत जाताना फुगवटा एका जागी राहिला नाही. तो किनाऱ्याला धरून बाजूला चालू लागला. मावशींच्या करंगळीखालून निघून तो अनामिकेखाली आला, मग मधल्या बोटाखाली. पुढं सरकेल तिथं जमीन उचलली जात होती आणि मागं राहील तिथं खचत होती. मावशींचे ओठ हलत होते. त्या मोजत होत्या की प्रार्थना करत होत्या कोण जाणे. अंगठ्यापाशी फुगवटा आल्यावर भाचीनं मला थांबायला सांगितलं. डोंगर आणखी पुढे गेला असता तर मागच्या फटीत अडकला असता.

मावशींनी हात उचलले नाहीत.

"करंगळीखाली बसली जमीन," त्या म्हणाल्या. "सोडून दिलंय तिनं. पण पहिल्यासारखी न्हाई राहिली. भुसभुशीत झाली."

"खरंच तसंच होतं," भाची म्हणाली. "पेरूच्या किनाऱ्यावर असा एक डोंगर आत जातोय. जिथं तो सध्या आहे तिथं जुने समुद्रकिनारे उचलून पार वर गेलेत. कोरड्या टेकाडांवर शिंपले सापडतात. तो किनाऱ्यानं सरकत जातो तसा मागचा भाग पुन्हा खचतो."

"तिथं माणसं राहत्यात?"

"राहतात. गावं आहेत, शेती आहे, मासेमारी आहे."

"त्यास्नी म्हाईत हाय का, खालून काय चाललंय?"

"काहींना असेल."

मावशींनी वाळूवरचे हात उचलून मांडीवर घेतले. मग म्हणाल्या, "प्रार्थनेत, विश्वासानं डोंगर हलतो, असं आम्ही लई वेळा म्हणलंय. खरंच हलत असतील असं कवा वाटलं न्हाई. बोलायची रीत असंल असं वाटायचं."

दादा एवढा वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पेटीजवळ आला, मावशींच्या शेजारी वाकला आणि आपल्या मुलीला म्हणाला, "मी बी हात लावू का?" त्यानं आपला रापलेला पंजा वाळूवर ठेवला. वाळू आता हलत नव्हती. तरी तो बराच वेळ तसाच उभा राहिला. त्यानंतर पाहुण्यांसमोर त्यानं विषय बदललेला मी ऐकलेला नाही. आता तो सांगतो, "पोरगी जमिनीखालचं बघती."

चहा पिताना भाचीनं वरच्या मोबाईलवरचं चित्रण भरभर पुढे पळवून पाहिलं. मग पुन्हा मागे नेऊन पाहिलं. मग मला बोलावलं. मावशींचा उजवा हात चित्रात दिसत होता. डोंगराचं टोक नुकतं वाळूखाली गेलं होतं. त्या हाताभोवतीचे रांगोळीचे सांडलेले कण, तिनं बोटानं दाखवले तेव्हा कुठे मला दिसले, एकमेकांच्या जवळ येत होते. अगदी थोडे. पायरी फुटायच्या कितीतरी आधी.

"हे आम्हाला माहीत नाही असं नाही," ती मला म्हणाली. "तुटण्याआधी सगळी वाळू थोडी आवळते, हे वाचलंय मी. पण मी नेहमी डोंगराच्या डोक्यावरच कॅमेरा लावते. मागे कोण बघतंय." तिनं मोबाईल पालथा ठेवला. "त्या म्हणाल्या तेव्हा मी त्यांना चुकीचं ठरवलं, आत्या."

ती उठून मावशींकडे गेली आणि तसंच्या तसं त्यांना सांगितलं. मावशी म्हणाल्या, "तुला डोळं हाईत, तू पुढं बघणारच. मला दोन हात हाईत. एक पुढं ठेवला, एक मागं."

पुण्याला गेल्यावर भाचीनं तिकडच्या पेटीत मागच्या भागावरही कॅमेरा लावला. तिथं डोंगर आत शिरताना वरच्या जमिनीतला ताण किती लांबवर जातो, हे ती आता मोजते आहे. त्यातून काय निघेल हे तिलाही ठाऊक नाही. फोनवर एकदा म्हणाली, किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांचे प्रश्न ह्यातच अडकलेत. पण ती लगेच थांबली आणि म्हणाली, वाळूवरून एवढं बोलू नये.

पेटी शाळेत आली. नववीच्या वर्गाला मी मावशींनाच बोलावलं. त्यांनी मुलांना डोळे मिटायला लावले आणि चार-चार जणांचे हात वाळूवर ठेवून घेतले. एरवी ज्या वर्गात मला दर पाच मिनिटांनी डस्टर आपटावा लागतो, तिथं हँडलचा करकर आवाज ऐकू येत होता. मी माझा धडा त्या वर्षी शिकवलाच नाही.

त्या हिवाळ्यात भाची सुट्टीला आली तेव्हा मावशींनी एक मागणं केलं. इतके दिवस वाळूवर हात ठेवला, आता खऱ्या दगडावर ठेवायचा आहे, म्हणाल्या. आम्ही त्यांना गाडीनं वडगाव रासाईला नेलं. भीमेचं पाणी उतरलं होतं आणि काठाला काळा खडक उघडा पडला होता. दादानं एका हाताला धरलं, मी दुसऱ्या. त्या चपला काढून अनवाणी उतरल्या. मग गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही तळहात खडकावर टेकवले. उन्हानं तो वरून तापला होता.

"हा कशाचा?"

"लाव्हाचा," भाची म्हणाली. "आपली जमीन एकेकाळी खूप दक्षिणेला होती. तिथं पृथ्वीच्या पोटातून आलेल्या एका उष्ण जागेवरून ती जात असताना खालून हा सगळा रस वर आला आणि पसरला. थरावर थर. असं मानतात. मग जमीन उत्तरेला सरकत राहिली, पण ती जागा तिथंच पेटलेली राहिली. त्यामुळं आपल्या मागं समुद्रात डोंगरांची एक लांब रांग उठत गेली. लक्षद्वीप आणि मालदीवची बेटं म्हणजे त्या रांगेच्या पाठीवर वाढलेलं पोवळं."

मावशींनी तोंड तिच्याकडे वळवलं. "म्हंजी ह्या खडकाचीच भावंडं समुद्रात डोंगर हाईत?"

"हो."

"ती बी कवा तरी खाली जाणार? तिकडच्या डोंगरासारखी?"

"इतक्यात नाही. ती आपल्याच प्लेटवर आहेत, आपल्या मागून येतायत, शेपटीसारखी. पुढं हिमालयाशी आपली टक्कर चाललीय. जाडजूड जमीन तळासारखी सहज खाली जात नाही. पुढं काय होईल ते सांगायला आपण कुणी नसू."

दादा माझ्या शेजारी उभा होता. ह्या खडकात त्यानं विहीर फोडली होती, सुरुंग लावले होते, ह्याच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडली होती. तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं, हा आपला हितंच हाय पहिल्यापास्नं."

मावशी दगडावरून हात फिरवत होत्या. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे राहून गेले होते, त्या बारीक बारीक खळग्यांत त्यांची बोटं एकेक करून जात होती. नदीपलीकडून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला आणि विरला. भाचीनं त्यांना विचारलं, थंडी वाजते का, निघायचं का.

"हा आत्ता बी सरकतोय न्हवं?" मावशींनी विचारलं. "बोटभर?"

"वर्षाला. हो. आपल्यासकट."

"मग जरा थांबा," त्या म्हणाल्या, आणि कान खडकाला लावून आडव्या झाल्या. आम्ही तिघं त्यांच्याभोवती बसून राहिलो.